सामाजिक शास्त्रांचें राष्ट्रीय प्रलेखन केंद्र आणि मराठवाड्याचे कागद

दिल्लीस फिरोजशहा मार्गावर राष्ट्रीय सामाजिक विज्ञान प्रलेखन केंद्र या नांवाची संस्था आहे. १९६९ सालीं स्थापन झालेल्या भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचें हें ग्रंथालयीन अंग होय. विद्यापीठांतून मान्य झालेले अप्रकाशित प्रबंध, परिषदेच्या साह्यानें झालेल्या संशोधनाचे अहवाल व सामाजिक शास्त्रांचीं नियतकालिकें यांचा मोठा संग्रह तेथें आहे. हें काम स्तुत्य आहे यांत शंका नाहीं. तथापि छत्रपती संभाजीनगर येथें बसून मराठवाड्याच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याच्या पदरांत त्यांतून काय पडतें, याचा विचार जुने कागद जमविणाऱ्या आमच्या वाचकांनीं अवश्य केला पाहिजे.

मराठवाड्याच्या अभ्यासकाची अडचण कागद नाहींत ही नव्हे. कागद घर सोडून गेले ही आहे. किल्ले अर्क येथें पडून असलेलें मोगलांचें दख्खनचें दफ्तर १९१६ सालीं हैदराबादेस नेण्यांत आलें. त्याच जातीच्या कागदांचा दुसरा मोठा समूह, इनायतजंग संग्रह, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारांत आहे. शिवाय हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत असल्यामुळें निजामी अमदानींतील वरिष्ठ कचेऱ्यांचे कागदही तिकडेच राहिले. हीं दफ्तरें केवळ लढायांच्या इतिहासाचीं आहेत असें कोणी समजूं नये. त्यांतील अर्ज-ओ-चेहरा नांवाच्या कागदांत शिपायाचें व त्याच्या घोड्याचें अंगवर्णन नोंदलेलें असतें. लष्करी चाकरींत कोण माणसें शिरत होतीं हें पाहण्यास याहून चांगलें साधन कोणतें? युसुफ हुसेन खां यांनीं या दफ्तरांतील निवडक कागद १९५० व १९५८ सालीं छापले. रिचर्ड्स यांचा गोवळकोंड्याच्या मोगल कारभारावरील ग्रंथ (१९७५) असल्याच कागदांवर उभा आहे.

आतां प्रलेखनाकडे वळूं. प्रबंधाची नोंद करावयाची ती मथळा, कर्ता, विद्यापीठ, साल व विषय एवढ्यावर, अशी ग्रंथालयांची सर्वसाधारण चाल आहे. एखाद्या गांवाची आर्थिक पाहणी असेल तर एवढें पुरे. इतिहासाच्या प्रबंधांत मात्र पुष्कळदां मौल्यवान भाग शेवटीं असतो. संशोधक एखाद्या देशमुखाच्या किंवा कुलकर्ण्याच्या घरीं जातो, वतनाच्या तंट्याचा महजर मोडीवरून बाळबोधांत उतरून घेतो आणि परिशिष्टांत घालतो. पुढें वाटण्या होतात, वाडा पडतो, रुमाल वाळवीच्या स्वाधीन होतो. त्या दिवसापासून परिशिष्टांतील नक्कल हीच मुळाच्या जागीं राहते. पण मथळ्यावर चालणाऱ्या सूचींत ती सांपडावयाची कशी? प्रबंधकाराचे निष्कर्ष दहा वर्षांनीं कोणी खोडून काढील. त्यानें उतरलेला महजर कोणास खोडतां येणार नाहीं, आणि नेमका तोच सूचींत अनामिक राहतो.

यावर कोणी म्हणेल कीं, महजर हा इतिहाससंशोधकांचा प्रांत, सामाजिक शास्त्रांच्या केंद्राशीं त्याचा संबंध काय? महजराखालीं गोतसभेस बसलेल्या पाटील, कुलकर्णी, चौगुले, बलुतेदार यांचीं नांवें व निशाण्या असतात. कुणब्याचा नांगर, सुताराची वाकस एकामागून एक उमटलेली दिसते. गांवगाड्यावर लिहिणाऱ्या समाजशास्त्रज्ञास दुसरें काय हवें असतें तें आम्हांस कळत नाहीं.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर नवे प्रबंध 'शोधगंगा' या संगणकीय भांडारांत येऊं लागले व प्रबंध पाहण्यासाठीं दिल्लीची वारी करण्याचें कारण बरेंच उरलें नाहीं, ही सोय मोठीच झाली. परंतु छायाचित्ररूप पानावरील मोडी अक्षर यंत्रास शोधतां येत नाहीं. आणि टंकलिखित जुने प्रबंध ज्यांच्या परिशिष्टांत आहेत त्यांनाच ठाऊक, अशी स्थिति पुष्कळ ठिकाणीं आहे.

हें काम अशक्य कोटींतील नव्हे. १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची शं. ग. दाते यांनीं जिद्दीनें सिद्ध केली. ते कोणा परिषदेचे नोकर नव्हते. येथील विद्यापीठ १९५८ सालचें. तेव्हांपासूनच्या इतिहासविषयक प्रबंधांचीं परिशिष्टें चाळून, कागद कोणत्या घरचा, कोणत्या लिपीचा, कोणत्या शकाचा, शिक्का आहे कीं नाहीं, एवढी यादी विद्यापीठानें व राज्य पुराभिलेख खात्याच्या येथील शाखेनें मिळून करावी. दिल्लीच्या केंद्रानें ती आपल्या सूचीस जोडून घ्यावी. खर्च फारसा नाहीं. मोडी व फार्शी वाचणारीं माणसें मात्र लागतील, आणि तीं दरसाल कमी होत आहेत.

यादी करतांना एक गोष्ट आरंभींच ठरवावी लागेल. मलिक अंबरानें १६१० सालीं वसविलेलें खडकी, औरंगजेबाच्या सुभेदारींत १६५३ पासूनचें औरंगाबाद, फार्शी कागदांतील व नाण्यांवरील खुजिस्ता बुनियाद आणि २०२३ पासूनचें छत्रपती संभाजीनगर हें एकच शहर आहे. चारही नांवांखालीं परस्पर निर्देश न दिल्यास खुजिस्ता बुनियादचा कागद शोधणाऱ्यास तो या शहराच्या नोंदींत कधींच मिळणार नाहीं.