स्वदुःख आणि आस्वाद : ‘टोकियो स्टोरी’च्या अनुषंगाने

आप्ताच्या मृत्यूचे दुःख ताजे असलेला प्रेक्षक वार्धक्यविषयक चित्रपट पाहून अश्रू ढाळतो, तेव्हा तो कलाकृतीचा आस्वाद घेत असतो, की स्वतःच्याच दुःखाची उजळणी करीत असतो? भारतीय साहित्यशास्त्राला हा प्रश्न नवा नाही. अभिनवगुप्ताने ‘अभिनवभारती’त जी सात रसविघ्ने सांगितली आहेत, त्यांत ‘निजसुखादिविवशीभाव’ हे एक होय. स्वतःच्या सुखदुःखाने ग्रासलेले चित्त अन्य विषयात विश्रांत होऊ शकत नाही. म्हणून गीत, वाद्य, मंडपशोभा इत्यादींनी ते रंजवून घ्यावे, असे त्याचे प्रतिपादन आहे. यासुजिरो ओझू या जपानी दिग्दर्शकाचा ‘टोकियो स्टोरी’ (१९५३) हा चित्रपट या उपायाच्या नेमक्या उलट दिशेने जातो, आणि म्हणूनच तो विचारार्ह ठरतो.

कथानक अगदी साधे आहे. ओनोमिची या बंदराच्या गावी राहणारे शुकिची व तोमी हे वृद्ध दांपत्य टोकियोतील मुलांकडे येते. मुलगा डॉक्टर आहे, मुलगी शिगे केशभूषेचे दुकान चालविते. आईवडिलांसाठी दोघांनाही सवड नाही. युद्धात निवर्तलेल्या मुलाची पत्नी नोरिको हीच काय ती त्यांची मनापासून विचारपूस करते. गावी परतल्यावर थोड्याच दिवसांत तोमी मृत्यू पावते.

या मृत्यूची सूचना चित्रपटात आधीच दिलेली असते. आतामी येथे समुद्राच्या बांधावरून उठताना तोमीला घेरी येते. ती काही विशेष नसल्याचे सांगते आणि प्रसंग पुढे सरकतो. त्यापूर्वी लहान नातवाशी बोलताना, तो मोठा होऊन डॉक्टर होईल तेव्हा आपण असू की नाही, असे ती सहज बोलून जाते. नातू खेळण्यात दंग असतो. प्रेक्षकही हे फारसे मनावर घेत नाही. प्रत्यक्ष मृत्यू तर ओझू दाखवीतच नाही. अत्यवस्थ तोमीच्या उशाशी बसलेली मुले, नंतर बंदरावरील पहाटेची काही दृश्ये, आणि मग एकदम मृतेच्या मुखावरील पांढरे वस्त्र! त्या क्षणी प्रेक्षक मागे वळून पाहतो आणि मुलांकडून जे निसटले ते आपल्याही दृष्टीतून निसटले, हे त्याला उमगते. वियोगदुःखाचे खरे स्वरूपही हेच नव्हे काय? गेलेल्या माणसाच्या अभावाइतकेच, तो असताना आपण जे पाहिले नाही, ऐकले नाही, तेही मनाला सलत राहते.

शिगेच्या चित्रणाने मुलांना दोषी ठरविणे फार सोपे केले आहे, असा आक्षेप येथे संभवतो. अंत्यविधीनंतरच्या भोजनप्रसंगीच ती आईची वस्त्रे आठवण म्हणून मागते. परंतु त्यापूर्वीचे तिचे रडणे खोटे नाही. उलट, जिच्या सेवाभावाची सर्वाधिक प्रशंसा होते ती नोरिकोच सासऱ्यापाशी कबूल करते की, आपण तितक्या चांगल्या नाही. दिवंगत पतीचे स्मरण न होताही अनेक दिवस जातात. विस्मृती हा केवळ अप्पलपोट्यांचा दोष नसून जगत राहण्याचा धर्म आहे, हे या कबुलीने स्पष्ट होते. शोकाकुल प्रेक्षकाला येथे दोषमुक्ती मिळत नाही. परंतु आपला अपराध सर्वांच्या वाट्याचा आहे, एवढी प्रतीती निश्चित मिळते. साधारणीकरण म्हणतात ते याहून वेगळे नाही.

रसिकाच्या चित्तातील वासनासंस्कारांवाचून आस्वाद शक्य नाही, हे अभिनवगुप्तालाही मान्यच आहे. स्वतःचे दुःख विघ्न ठरते ते त्याची दृष्टी स्वतःपाशीच खिळते तेव्हा. ओझू ते दुःख विसरावयास लावीत नाही. त्याला तो शुकिचीच्या रिकाम्या घरात आणून बसवितो. एकट्या वृद्धापुढील लांबच लांब दिवस पाहताना प्रेक्षकाला स्वतःचे माणूस आठवते, आणि तरीही तो शुकिचीकडेच पाहत राहतो.