जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कला संग्रहालय : एक अवलोकन

वेदीवरून उतरून काचेच्या कपाटात गेलेली मूर्ती ही जणू सेवानिवृत्त झालेली मूर्ती होय, असे आम्हांला पुष्कळ वर्षे वाटत असे. जुन्या गोव्यातील ख्रिस्ती कला संग्रहालय पाहिल्यावर या मताचा फेरविचार करणे भाग पडले. त्यास कारणीभूत झाला तो आमच्या धर्मग्रामातील सहलीबरोबर आलेला, चाकणच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करणारा गृहस्थ.

हे संग्रहालय प्रथम १९९४ साली राशोलच्या सेमिनरीत सुरू झाले. २००२ साली ते सांता मोनिका मठात आले आणि नूतनीकरणानंतर २०२२ साली पुन्हा खुले झाले. आर्चबिशप मेनेझिस यांनी १६०६ साली स्थापन केलेल्या या मठातील अखेरची संन्यासिनी १८८५ साली निवर्तली. जेथे पिढ्यान्‌पिढ्या उपासना झाली, तेथेच उपासनेची साधने मांडली गेल्यामुळे ती पोरकी वाटत नाहीत, हे या संग्रहालयाचे मोठे यश होय. पेलिकन पक्ष्याचे रूप दिलेले, परमप्रसाद ठेवण्याचे सतराव्या शतकातील पात्र पाहताना याचा प्रत्यय येतो. आपल्या छातीचे रक्त पाजून पिलांना जगवणारा पक्षी ही ख्रिस्ताची जुनी प्रतिमा ज्यास ठाऊक आहे, त्याचे हात आपोआप जोडले जातात.

परंतु आमचे सोबती थबकले ते हस्तिदंती मूर्तींपाशी. मरियामातेच्या एका मूर्तीकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "फादर, दात वाकडा होता, म्हणून माउलीला अशी झुकवलीय. माल मिळाला तसं काम बसवलंय. आमच्याकडं पार्ट रिजेक्ट झाला तर दुसरा घेतात. ह्याला दुसरा दात कोण देणार होतं?" आणि थोड्या वेळाने, "नाव काय ह्या माणसाचं?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. वस्तूचे द्रव्य कळते, शतक कळते. कारागीर कळत नाही. हा दोष संग्रहालयाचा नव्हे. ज्या नोंदी मुळात कोणी ठेवल्या नाहीत, त्या आज कोठून आणाव्यात? हस्तिदंत बहुतांशी आफ्रिकेतून समुद्रमार्गे येई. त्यावर काम करणारे हात येथले होते, आणि त्यांतले पुष्कळसे बिगर-ख्रिस्ती होते. १५६७ सालच्या गोव्याच्या धर्मपरिषदेने अशा कारागिरांकडून पवित्र वस्तू घडवून घेण्यास मनाई केली. तरीही पुढे तशीच मनाई पुनःपुन्हा करावी लागली. याचा अर्थ उघड आहे : ख्रिस्तसभेला त्यांचे हात हवे होते, नावे नको होती.

पवित्र शास्त्राची रीत मात्र वेगळी आहे. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात निवासमंडप घडवणाऱ्या बसालेल व अहलियाब यांची नावे परमेश्वर स्वतः मोशेला सांगतो. कौशल्य हे तेथे आत्म्याचे दान ठरते. या कसोटीवर आमचा कलेतिहास अपुरा पडतो, आणि म्हणूनच येथील सौंदर्याने तृप्त होऊन बाहेर पडणे आम्हांस जमले नाही. संग्रहालयाने एवढे तरी करावे : जेथे नाव ठाऊक नाही, तेथे 'कारागीर अज्ञात' असे दोन शब्द प्रत्येक मूर्तीखाली ठळकपणे लिहावेत. रिकाम्या जागेपेक्षा कबुली बरी.

उपदेश करणे सोपे असते. परतल्यावर आम्ही आमच्याच चर्चच्या भिंतीवरील संगमरवरी पाटी वाचली. तीवर महागुरूंचे नाव आहे, देणगीदारांची आहेत, आमचेही आहे. कारखान्यातील पाळी संपवून रात्री-रात्री बसून वेदी घडवणाऱ्या सुताराचे नाही. तो दोन गल्ल्या पलीकडे राहतो. आम्ही त्याच्याकडे गेलो, पूर्ण नाव विचारले आणि धर्मग्रामाच्या नोंदवहीत लिहिले. पाटीवर ते कोरणे अद्याप बाकी आहे.