रक्त सांडलं ते कुणासाठी?

ख्रिस्त क्रुसावर मेला तो माणसाला सोडवण्यासाठी, असं ख्रिस्ती धर्म सांगतो. ठीक. माझा प्रश्न एवढाच, की सोडवलं काय? नुसता आत्मा, की राबणारं हे अंगही?

मार्टिन ल्यूथरची ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावरची १५२० सालची पुस्तिका मी रात्रपाळी करून आल्यावर, कोश शेजारी घेऊन वाचली. श्रद्धावान माणूस कुणाचा ताबेदार नाही, कर्मकांडानं कुणी तरत नाही, प्रत्येक श्रद्धावान स्वतःच याजक. वाचताना उठून बसलो. मधला भटजी गेलाच की! पण तोच ल्यूथर म्हणतो, कैद, भूक, आजार यांनी आत्म्याचं काही बिघडत नाही. इथं मी अडलो. उपाशी माणसाला हे कोण सांगतंय?

पाच वर्षांनी त्याला उत्तर मिळालं. जर्मनीतल्या मेमिंगेन शहरात केसाळ कातडी शिवणारा एक कारागीर होता, सेबास्टियन लोट्झर. पंडित नव्हता. त्यानं मार्च १५२५ मध्ये शेतकऱ्यांच्या बारा मागण्या लिहून काढल्या. आमचा पाळक आम्ही निवडू. रानातलं लाकूड सगळ्यांचं. घरचा माणूस मेला की विधवेकडून आणि पोरांकडून उकळली जाणारी वसुली बंद. आणि तिसरं कलम : ख्रिस्तानं रक्त देऊन धनगराला आणि बड्याला सारखंच सोडवलं, मग आम्ही जमीनदाराची मालमत्ता कसे?

ल्यूथरच्या पुस्तिकेवर याहून सरळ टीका मी वाचलेली नाही. त्याचंच म्हणणं घेतलं आणि शेतात आणून उभं केलं.

ल्यूथर काय म्हणाला? जमीनदारांना त्यानं झापलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण तिसऱ्या कलमावर तो भडकला. तुम्ही ख्रिस्ती स्वातंत्र्य देहाचं करून टाकता, अब्राहामाकडेही गुलाम होते, बंधनात राहूनही ख्रिस्ती राहता येतं, हे त्याचं उत्तर. बंड पेटलं, मठ आणि किल्ले जळाले, तेव्हा बंडखोरांना ठार करा असंही त्यानंच लिहिलं. १५ मे १५२५ ला फ्रांकेनहाउझेनला हजारो शेतकरी कापले गेले. त्या लढ्यात एकूण ७० हजार ते १ लाख माणसं मेली, असा अंदाज आहे.

धर्माची तलवार होईल ही ल्यूथरची भीती खोटी नव्हती. पण तलवार आधीपासून कुणाच्या हातात होती, हे त्यानं हिशेबात धरलं नाही. आत्मा मोकळा म्हणायला पैसा लागत नाही. अंग मोकळं केलं की मालकाचं नुकसान होतं.

मित्रांनो, हे आपल्याला परकं नाही. २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेब आत्म्याच्या तहानेवर बोलून परत फिरले नाहीत. तळ्यात उतरले, ओंजळीनं पाणी प्याले.

आणि आता आपल्या कवितेबद्दल. तिच्यात क्रूस फार झालेत. माझ्याही. जिथं तिथं आपण खिळे ठोकून घेतो आणि टाळ्या मिळवतो. मी माझ्या वहीतल्या चार कविता काल फाडल्या. त्यांत रक्त भरपूर होतं, तिसरं कलम कुठंच नव्हतं. सुटलं कोण, कशातून, हे ज्या ओळीला सांगता येत नाही, तिनं क्रुसाला हात लावू नये.