देशनामांच्या खुणा : कोशातील एक उणीव

भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०१५ साली दिल्लीस स्थापन झाले. त्याने सिद्ध केलेला कोश २०१८ मध्ये ३,००० शब्दांचा होता, तो २०२१ मध्ये १०,००० शब्दांपर्यंत पोचला. १८८० च्या मिलान परिषदेने कर्णबधिरांच्या शिक्षणातून हातवारे हद्दपार करण्याचा ठराव केला आणि भारतातील शाळांतही दीर्घकाळ मौखिक पद्धतीचाच वरचष्मा राहिला. हा इतिहास ध्यानी घेता या कोशाचे मोल कमी लेखता येत नाही. तथापि देश, धर्म आणि जमाती यांच्या खुणा शिकविण्याच्या कामी त्याची रीत अपुरी पडते. कोशात शिरावयाचे ते बोलभाषेतील शब्दावरून : शब्द शोधावा, खूण पाहावी. 'पाऊस' किंवा 'खुर्ची' यांच्यापुरते हे ठीक आहे. देशनामाच्या खुणेत मात्र कोणी कोणाकडे कसे पाहिले, हेही गोठलेले असते.

अमेरिकेतील सांकेतिक भाषेत चीन व जपान यांच्या जुन्या खुणा डोळ्याच्या कोपऱ्याशी केल्या जात. पुढे त्या देशांतील कर्णबधिरांच्या स्वतःच्या खुणा तेथे रूढ झाल्या. जपानसाठी दोन्ही हातांच्या अंगठा-तर्जनींनी बेटाची आकृती रेखाटतात. चीनसाठी तर्जनी छातीवरून आडवी नेऊन खाली उतरवितात, म्हणजे जणू पारंपरिक पोशाखाची कड दाखवितात. हाताचा आकार, स्थान आणि हालचाल हे खुणेचे घटक विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये मांडले. त्या परिभाषेत बोलावयाचे तर चीनच्या खुणेचे स्थान डोळ्यावरून छातीवर आले. पण तेवढ्याने शरीरव्यंगाचे चित्र जाऊन वस्त्राचे आले, आणि हा फरक केवळ तांत्रिक नव्हे. त्याच भाषेत भारतासाठी कपाळावर अंगठा टेकवून फिरविण्याची खूण चालत आली. ती टिळ्याची आहे. टिळा न लावणारे भारतीय तीत बसत नाहीत.

बाह्य खुणेवरून परक्यास नाव देणे हा काही हातांच्याच भाषेचा दोष नाही. मराठीने युरोपियनांना 'टोपीकर' म्हटलेच. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात हा शब्द राजनीतीच्या गंभीर विवेचनात येतो. त्यात हेटाळणी शोधू जाणे व्यर्थ आहे. नाव डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीवरून पडले, एवढ्यावरून ते अपमानकारक ठरत नाही. काय पाहिले, आणि ज्याला पाहिले त्याला उलट बोलता येते की नाही, यावर ते अवलंबून असते.

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर हा प्रश्न हाताशी येतो. नवरात्रोत्सवासाठी प्रसिद्ध असलेल्या या परिसरात बेने इस्राएलांचे शार हाशामाईम हे १८७९ चे प्रार्थनामंदिर आहे. कोकणात या मराठी बोलणाऱ्या यहुद्यांना शेजाऱ्यांनी 'शनिवार तेली' म्हटले : धंदा तेल गाळण्याचा, आणि शनिवारी घाणा बंद. हे नावही बाहेरून दिलेलेच. परंतु ते आचारावरून पडले, चेहऱ्यावरून नव्हे. याउलट बेल्जममधील गेंट विद्यापीठाच्या फ्लेमिश सांकेतिक भाषेच्या कोशात 'यहुदी' या शब्दासाठी बाकदार नाकाची खूणही नोंदलेली होती, आणि २०१९ मध्ये तीवर यहुदी संघटनेने आक्षेप घेतला. वापरातील खूण नोंदणे हे कोशकाराचे कामच आहे, असे त्यावर उत्तर देता येईल, आणि ते खोटेही नाही. शिव्या वगळलेला शब्दकोश अप्रामाणिक असतो. पण चांगला शब्दकोश शिवीपुढे 'शिवी' असे लिहितो.

नेमके हेच विद्यार्थ्यास हवे असते. नुसती चित्रफीत पाहून खूण गिरविणाऱ्याला ती समाजाची स्वतःची की शेजाऱ्याची, जुनी की चालू, हे हातावरून उमगत नाही. टेंभी नाक्यावरील प्रार्थनामंदिर कर्णबधिर मित्राला दाखविताना तो दाढी दाखवील, नाक दाखवील की शनिवारची विश्रांती, हे त्याला शिकविणाऱ्याने काय सांगितले त्यावर ठरते. देशनामे व जमातींच्या नोंदींपुरते तरी प्रत्येक खुणेखाली दोन ओळी असाव्यात : ही खूण कोणाची, आणि ज्यांची ती आहे ते कर्णबधिर स्वतःसाठी कोणती वापरतात.