‘घाशीराम’च्या भिंतीत कोण उभे राहणार?

विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम रंगमंचावर आले. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. एकोणीस प्रयोगांनंतर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने ते थांबवले. त्याच कलावंतांनी १९७३ साली थिएटर अकॅडमी स्थापन करून ते पुन्हा उभे केले आणि १९८० साली युरोपच्या दौऱ्यावरही नेले. ज्यांनी ते मूळ संचात पाहिले असे रसिक आता विरळ होत चालले आहेत. ज्यांनी त्याची गाणी केवळ ऐकली असे मात्र पुष्कळ आहेत. मानोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी आम्ही चार नाट्यप्रेमी कुटुंबे एकत्र येतो, तेव्हा एक खेळ हमखास रंगतो. हे नाटक आज नव्याने मराठीत करायचे झाले तर कोणाला कोणती भूमिका द्यावी?

नाना फडणवीसांच्या भूमिकेवर सर्वाधिक वाद होतो. मोहन आगाशे यांचे नाना हा मानदंड ठरला आहे. त्यांनी नानांना क्रूर चेहरा दिला नाही. लाडावलेल्या, नाचऱ्या, सुस्त देहातून ती क्रूरता हळूहळू झिरपू दिली. त्यामुळे कोणी गिरीश कुलकर्णींचे नाव घेतो, तर दुसरा लगेच नाचण्याचा प्रश्न उभा करतो. रमेश टिळेकरांनी गाजवलेल्या घाशीरामासाठी जितेंद्र जोशी सुचवले जातात. २०२५ साली हिंदी रंगभूमीवर संजय मिश्रा नानांच्या भूमिकेत उभे राहिले, तेव्हापासून या चर्चेला नवे उधाण आले आहे. गुलाबीच्या लावणीसाठी तर नावांची रांगच लागते.

या खेळात आनंद आहे, हे आम्ही नाकारत नाही. परंतु या यादीत दोन जागा नेहमी रिकाम्या राहतात, आणि नाटकाचा सारा अर्थ त्या दोन जागांतच दडलेला आहे, असे आम्हांस वाटते.

पहिली जागा भिंतीची. या नाटकाला पडदे नाहीत, देखावे नाहीत. एका ओळीत उभे राहून डोलणारे ब्राह्मण हाच त्याचा पडदा. तेच नाचतात, गातात, भजन करतात. तेच पुण्याची वस्ती होतात आणि तेच प्रेक्षकांकडे पाठ फिरवून भिंत होतात. भिंतीपलीकडे काय चालले आहे ते भिंतीला ठाऊक असते. ती फक्त वळून पाहत नाही. रात्री बावनखणीत रमणारे आणि सकाळी सोवळ्यात वावरणारे तेच चेहरे. चंदावरकरांच्या संगीताचे थोरपण इथेच आहे. कीर्तनाची गोडी आणि लावणीचा ठसका त्यांनी इतके लगटून ठेवले की, देवाच्या नावाच्या गजरात एखाद्याची किंकाळी सहज बुडून जावी. या नाटकाचा काळोख दिव्यांच्या योजनेत नाही, तो या गोड सुरांत आहे. म्हणून नानांसाठी एखादा मोठा नट आणला आणि भिंतीत पगारी नर्तक उभे केले, तर प्रयोग देखणा होईल, पण नाटक उरणार नाही.

दुसरी रिकामी जागा ललितागौरीची. कोतवालीच्या मोबदल्यात बापाने नानांच्या स्वाधीन केलेली ही मुलगी. तिच्या वाट्याला संवाद फार थोडे आणि मरण मात्र पुरेपूर. आमच्या चर्चेत गुलाबीसाठी सात नावे येतात, गौरीसाठी एकही येत नाही. लेकीबाळींच्या घरांतून चाललेल्या चर्चेत हे व्हावे, याला योगायोग म्हणता येत नाही. नाटकातले पुणेही तिच्याविषयी असेच गप्प आहे. घाशीरामावर चालून जाणारा जमाव कोठडीत गुदमरून मेलेल्या ब्राह्मणांचा जाब मागतो. गौरीचा जाब कोणीच मागत नाही.

१९७२ साली या नाटकावर मुख्य आक्षेप होता तो नानांच्या आणि ब्राह्मण समाजाच्या बदनामीचा. तेंडुलकरांनी आपण इतिहास लिहीत नसल्याचे सांगितले होते. खरा घाशीराम सावळदास १७९१ साली पुण्यात दगडांनी ठेचून मारला गेला, एवढा धागा घेऊन त्यांनी सत्ता आपली माणसे कशी घडवते आणि काम सरल्यावर कशी मोडते, हे दाखवले. तरीही त्या आक्षेपातला एक अंश नव्या प्रयोगाने विसरू नये. पुण्याच्या मंडळींनी पुण्याच्याच रंगमंचावर ती भिंत उभी केली होती. त्यातला उपहास घरातला होता, स्वतःवर उलटणारा होता. तीच शेंडी आणि तेच उपरणे आम्ही परक्यांनी चढवले, तर आत्मपरीक्षणाची शेजाऱ्याची टवाळी होण्यास वेळ लागणार नाही. नाटक बसवणाऱ्या कोणत्याही अल्पसंख्य समाजाने हे भान बाळगलेच पाहिजे.

आमच्या वाचकांना भिंतीचा अनुभव अगदीच नवा नाही. झावळ्यांच्या रविवारी प्रभूच्या दुःखसहनाचा वृत्तांत वाचला जातो, तेव्हा जमावाचे शब्द भाविकांच्या तोंडी येतात. क्रूसाची मागणी मंदिरातल्या बाकांवरून, आपल्याच आवाजात उठते. तो वृत्तांत आपल्याला केवळ प्रेक्षक म्हणून बसू देत नाही. अर्थात येथे सावध राहिले पाहिजे. घाशीराम निरपराध नाही. त्याच्या हाताला अनेकांचे रक्त लागले आहे. परंतु म्हणूनच तेंडुलकरांचा प्रश्न अधिक अवघड होतो. जमावाने अपराध्यालाच मारले तर जमाव निर्दोष ठरतो काय? ज्या नानांनी त्याला कोतवाल केले, तेच त्याला जमावाच्या हवाली करतात आणि उत्सवाची घोषणा करतात. पिलाताला निदान हात धुवावेसे वाटले होते.

मग मानोऱ्यात हे नाटक होऊ शकेल काय? साधनांचा प्रश्न नाही. ज्या नाटकाचा पडदा माणसांचा, त्याला शाळेचे पटांगण पुरते. सुरांचाही नाही. वऱ्हाडात राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनाची परंपरा आहे, गाडगेबाबांच्या कीर्तनातल्या सवालजबाबांचा संस्कार आहे. पोहरादेवीच्या यात्रेत बंजारा बायांच्या फेऱ्याची लय कानावर पडते. या सुरांवर वाढलेली माणसे चंदावरकरांच्या संगीताची आत्मा जाणू शकतील. अडचण आहे ती वेशाची. आमचे मत असे की, वऱ्हाडातल्या भिंतीने पुणेरी पोशाख न घेता रोजचेच कपडे घालावेत. यात पेशवाईचा रंग जाईल, गाण्यांतील काही खोच बोथट होईल. हे नुकसान खरे आहे आणि जाणकारांना ते खटकेल. पण त्या बदल्यात भिंतीतला चेहरा ओळखीचा होईल. तो दुकानदाराचा असेल, शिक्षकाचा असेल, धर्मग्रामातल्या एखाद्या प्रतिष्ठिताचाही असेल.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी हा खेळ मांडाल तेव्हा नानांपासून आरंभ करू नका. आधी गौरीसाठी एक नाव काढा आणि तिच्याकडे पाठ करून ओळीत कोण उभे राहील ते ठरवा. नाना मिळणे कठीण नाही, प्रत्येक पिढीला ते मिळत आले आहेत. त्या ओळीत स्वतःचे नाव लिहिण्याची तयारी असेल, तरच हे नाटक पुन्हा करण्याचा अधिकार आपल्याला आहे.