रामेश्वर भटांची कादंबरी

विन्स्टन स्मिथ सरकारी नोकर आहे, याकडे आपलं सहसा लक्ष जात नाही. ऑर्वेलच्या '१९८४' मधला हा नायक सत्य मंत्रालयात बसून जुन्या वर्तमानपत्रांतला मजकूर बदलतो, आणि त्या कामात त्याला गोडीही वाटते. ब्रॅडबरीच्या 'फॅरनहाइट ४५१' (१९५३) मधला माँटॅग पुस्तकं जाळणाऱ्या खात्यातला पगारी माणूस. झाम्यातिनच्या 'वी' मधला डी-५०३ राज्यासाठी अंतराळयान बांधणारा अभियंता. स्वातंत्र्य विरुद्ध सेन्सॉरशिप म्हणून या कादंबऱ्यांवर व्याख्यानं झडतात, पण तिघेही नायक सुरुवातीला राज्यकर्त्यांच्या पंक्तीला बसलेले असतात. घास घशाशी अडकतो तो तिथेच. कादंबरीचा जीवही तिथेच आहे.

मराठीत असा नायक शोधावा तर हाती फार थोडं लागतं. सगळ्यात जवळ येते ती विलास सारंगांची 'एन्कीच्या राज्यात'. सारंग मूळचे कारवारचे, १९७४ ते ७९ इराकमध्ये बसरा विद्यापीठात शिकवत होते. त्यांचा प्रमोदही अमेरिकेतून थेट तिथे शिकवायला जातो. भोवती हुकूमशाही, पाळत, तोंड सांभाळून बोलणारी माणसं. पण प्रमोद बंड करत नाही. परक्या मुलखात आपल्याला कुणी ओळखत नाही, यातच त्याला मोकळं वाटतं. हा फार थंड आणि फार खरा शोध आहे: मराठी मध्यमवर्गीयाला सरकारी पाळतीपेक्षा नातेवाइकांची पाळत जास्त जाचते. एवढी निष्ठुर कादंबरी आपल्याकडे दुसरी झाली नाही. मात्र प्रमोद पाहुणा आहे. त्या यंत्रणेत त्याचा हात बरबटलेला नाही.

बाकी आपलं सेन्सॉरशिपविषयीचं साहित्य सोसणाऱ्याच्या बाजूने लिहिलेलं आहे, आणि ते बहुतेक रंगभूमीचं. खाडिलकरांचं 'कीचकवध' इंग्रजांनी १९१० मध्ये बंद पाडलं. १९७२ मध्ये तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'वर परिनिरीक्षण मंडळाने कात्री उगारली, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि दिग्दर्शक कमलाकर सारंगांनी 'बाइंडरचे दिवस'मध्ये ती लढाई सांगितली. पुस्तक उत्तम आहे. पण मंडळाच्या टेबलाशी बसून संहितेवर खुणा करणारा माणूस घरी जाऊन बायकोला काय सांगत असेल? तो कुणीच लिहिला नाही. आणीबाणीतही तेच. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या संमेलनात दुर्गाबाई भागवत उभ्या राहिल्या, त्याचं आपण कौतुक करतो, करायलाच हवं. वर्तमानपत्राच्या कचेरीतून आलेल्या प्रुफांवर शिक्के मारणारे हातही मराठीच होते. आपल्या सोलापुरात १९३० च्या मे महिन्यात मार्शल लॉ लागला. त्या प्रकरणात पत्रकार कुर्बान हुसेन यांच्यासह चौघे १२ जानेवारी १९३१ ला फासावर गेले. चार हुतात्म्यांचे पुतळे शहरात आहेत. हुकूम मराठीत उतरवणाऱ्या कारकुनाचा पुतळा कोण उभारणार म्हणा. पण कादंबरीने पुतळ्यांचा नियम का पाळावा?

गंमत अशी की या कादंबरीचं बीज आपल्याकडे साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ पडून आहे. आषाढीला अकलूजहून बोरगावला निघालेली तुकोबांची पालखी आमच्या श्रीपूरच्या साखर कारखान्यावरून जाते. उसाच्या पट्ट्यातला डांबरी रस्ता, कडेला चहा-केळी वाटणारे कामगार, टाळांचा गजर. मुक्कामी तुकोबांची आरती होते आणि तिच्या शेवटी रामेश्वराची नाममुद्रा येते. म्हणजे वाघोलीचे रामेश्वर भट. परंपरा सांगते, तुकोबांच्या अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या त्या यांनीच. पुढे ते तुकोबांचे शिष्य झाले. ज्यांनी कविता बुडवली त्यांचीच रचना हजारो माणसं रोज तोंडपाठ म्हणतात, आणि कुणाला त्याचं नवल वाटत नाही!

आपण या गोष्टीचं केलं काय? प्रभातच्या १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये पडदा व्यापला तो सालोमालोने. खलनायक हशा पिकवणारा असला की प्रेक्षकाला स्वतःकडे बघावं लागत नाही. आनंद यादवांनी 'संतसूर्य तुकाराम' लिहिली, तर वारकऱ्यांमधून विरोध उठला. यादवांनी माफी मागितली, कादंबरी मागे घेतली गेली, आणि २००९ चं महाबळेश्वरचं संमेलन अध्यक्षाविना पार पडलं. कादंबरी म्हणून ती मला सामान्य वाटते. पण वह्या बुडवल्या गेलेल्या माणसावरचीच कादंबरी मागे घ्यायला लावली, हे आपल्याला खटकायला हवं होतं. विरोध करणाऱ्यांना तुकोबा पाठ होते. इथला सेन्सॉर नेहमीच अडाणी नसतो, पुष्कळदा तो भक्त असतो, आणि म्हणूनच तो ऑर्वेलच्या चौकटीत मावत नाही.

संतचरित्रकार महिपतींनी रामेश्वर भटांच्या बदलाचं कारण अंगाच्या दाहात शोधलं: फकिराच्या शापाने आग उठली, ती तुकोबांच्या शब्दांनी निवली. अठराव्या शतकाला तेवढं पुरत होतं. आजच्या कादंबरीकाराला आधीचे दिवस लिहावे लागतील. कारण शूद्राच्या तोंडी वेदांचा अर्थ येतो, हा आक्षेप घ्यायला आधी ते अभंग नीट ऐकावे लागतात. वाघोलीतला एक विद्वान ब्राह्मण ते ऐकतो, त्यातला अर्थ त्याला कळतो, तो बरोबर आहे हेही कळतं, आणि तरीही तो वह्या बुडवायला सांगतो.