मूक श्रोती व भयकथा

१८१६ च्या उन्हाळ्यात जिनीव्हा सरोवराकाठी बायरन व पर्सी शेली यांच्यात जीवतत्त्वाविषयी ज्या चर्चा झाल्या, त्यांत आपण जवळजवळ मूकच होतो, असे मेरी शेलीने १८३१ च्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. 'फ्रँकेन्स्टाइन'चे श्रेय पुरुषांच्या संभाषणास देण्याचा मोह यावरून अनेकांस झाला. १८१८ च्या निनावी आवृत्तीची प्रस्तावनाही पर्सीनेच, ग्रंथकर्त्याच्या भूमिकेतून, लिहिलेली. तीही या समजास पोषकच ठरली.

कादंबरीची घडण मात्र निराळे सांगते. निर्मित प्राण्याची कहाणी फ्रँकेन्स्टाइन ऐकतो, फ्रँकेन्स्टाइनची वॉल्टन ऐकतो, आणि वॉल्टन ते सारे आपल्या बहिणीस, मार्गारेट सॅव्हिलला, लिहून कळवितो. तिचे उत्तर ग्रंथात कोठेही नाही. तथापि तिन्ही निवेदने (त्या प्राण्यास पुरुषांत गणावयाचे तर तिन्ही पुरुषांचीच) अखेर तिच्यापुढे येतात. निर्माता व निर्मिती यांपैकी अपराधी कोण, याचा निवाडा वॉल्टनला साधत नाही, तो तिच्याकडे उरतो. अशा श्रोतीस निष्क्रिय कसे म्हणावे? माहेरचे आडनाव धरल्यास मार्गारेटची इंग्रजी आद्याक्षरे मेरी वोलस्टोनक्राफ्ट शेलीचीच होतात, हे समीक्षकांच्या दृष्टीतून सुटलेले नाही.